पिस्तूल पाहावं निवडून

देखणं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल निवडायचं असेल तर माझ्याइतका लायक माणूस शोधून सापडणार नाही. मला ते विकत घ्यायचं नाही, घ्यायचं म्हटलं तरी मिळणार नाही, आणि मिळालंच तरी ते कुणावर रोखायचं हा प्रश्न शिल्लक राहील. वैर धरायला जी चिकाटी लागते ती माझ्यात नाही. ज्यांचं तोंड पाहायचं नाही असं ठरवलं होतं, त्यांच्या मुलांच्या लग्नात मी जिलबी खाऊन आलो आहे. गरज, ऐपत आणि राग ही तिन्ही एकदम नसली की माणसाची नजर निवळते. खरेदीला निघालेला माणूस वस्तू बघत नाही, किंमत बघतो.

कायद्यानेही माझी नजर स्वच्छ ठेवण्याची चोख व्यवस्था केली आहे. नऊ मिलिमीटरचं पिस्तूल आपल्याकडे ‘प्रोहिबिटेड बोअर’मध्ये मोडतं. ते लष्कराचं आणि पोलिसांचं. तुमच्या-आमच्यासारख्याने आयुक्तालयात किंवा जिल्हाधिकारी कचेरीत अर्ज करावा, आपल्या जिवावर कुणीतरी उठलं आहे हे सरकारला पटवून द्यावं, शेजारीपाजारी होणारी चौकशी सोसावी आणि एवढं करून .३२ बोअरवर समाधान मानावं. सरकारला रूपाचं वावडं आहे असं मात्र नाही. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी ‘निर्भीक’ नावाचं .३२ चं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि सोबत दागिन्यांची असावी तशी मखमलीची पेटी. संकट दारात उभं असताना बाईने आधी कपाटातली पेटी शोधायची की आधी आरडाओरडा करायचा, याचा खुलासा पेटीवर नसावा.

माझ्याकडे हे काम आलं ते टेक्सासहून. माझा भाचा तिकडे बरीच वर्षं आहे, आता तिकडचा नागरिक आहे, आणि आजूबाजूच्या सगळ्यांकडे आहे म्हणून आपल्याकडेही एक असावं या निष्कर्षाला तो आला आहे. आपल्याकडे याच कारणासाठी लोक इन्व्हर्टर घेतात. त्याने मला चार-पाच फोटो पाठवले आणि खाली विचारलं, “मामा, यातलं दिसायला कुठलं बरं?” निशाणा कुठलं बरा साधतं, हे त्याने विचारलं नव्हतं. मला ते आवडलं. निदान प्रश्न तरी प्रामाणिक होता.

तिकडच्या दुकानांत म्हणे काचेखाली पिस्तुलं ओळीने मांडलेली असतात आणि माणसं तासन्‌तास ती हाताळत उभी असतात. तोंडाने चापाच्या गुळगुळीतपणाबद्दल बोलायचं, मुठीच्या कोनाबद्दल बोलायचं, पण डोळा रंगावर. काळं आहे, वाळवंटी तपकिरी आहे, फिकट आकाशी आहे, सोनेरी मुलामा दिलेली नळी आहे. स्लाइडला खिडक्या पाडून त्यांतून ती सोनेरी नळी डोकावेल अशीही सोय आहे. हौशी माणूस मूळ प्लॅस्टिकची मूठ काढून अक्रोडाच्या लाकडाची बसवतो. बाजूचा विक्रेता गंभीर चेहऱ्याने सगळ्याला संरक्षण म्हणतो.

मी यादी करायला बसलो ती अर्थातच लुगरपासून. गेऑर्ग लुगर नावाच्या ऑस्ट्रियन गृहस्थाने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हे पिस्तूल घडवलं आणि त्याच्याचसाठी नऊ मिलिमीटरचं ते काडतूस जन्माला आलं, जे आज जगभर चालतं. जर्मन नौदलाने १९०४ मध्ये ते घेतलं, सैन्याने १९०८ मध्ये. कलती मूठ, बारीक उघडी नळी, आणि वर गुडघ्यासारखा दुमडणारा सांधा. गोळी सुटली की तो सांधा वर उचलला जातो, मोकळं काडतूस फेकतो आणि पुन्हा सरळ होतो. एखाद्या घड्याळजीने फुरसतीत बनवावं असं ते सगळं काम. दोन्ही महायुद्धांत दोस्त सैनिकांना लढाईनंतर घरी न्यायला काय हवं असे, तर लुगर. समोरचा सैनिक मात्र ते सांभाळता सांभाळता मेटाकुटीला येई, कारण चिखल आणि कचरा या यंत्राला फारसा मानवत नसे, आणि खंदकात चिखलाशिवाय दुसरं होतं काय? घडवायला वेळखाऊ आणि खर्चिक, त्यामुळे १९३८ मध्ये जर्मन सैन्याने वाल्थरचं साधंसरळ पी-३८ पत्करलं. लुगर मग सिनेमात गेलं आणि गेली कित्येक वर्षं खलनायकाच्या हातात सुखाने नांदतं आहे.

रूप आणि सिनेमा यांचं नातं इथे जरा खोलात बघायला हवं, कारण पिस्तूल कसं दिसावं हे आपल्याला कुणी शिकवलं असेल तर सिनेमाने. माउझर सी-९६ हे १८९६ चं जर्मन पिस्तूल. चापाच्या पुढे पेटी, मागे झाडूच्या दांड्यासारखी गोल मूठ. चर्चिल तरुणपणी १८९८ मध्ये सुदानात हेच घेऊन लढला. पहिल्या महायुद्धात त्याची नऊ मिलिमीटरची आवृत्ती निघाली आणि सैनिकाने चुकीची काडतुसं भरू नयेत म्हणून मुठीवर मोठा लाल ९ कोरला गेला. पुढे १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये हान सोलोला अंतराळातलं शस्त्र हवं होतं, तेव्हा मंडळींनी याच माउझरवर दुर्बीण आणि चार नळकांडी बसवली. म्हणजे आकाशगंगेतलं भविष्य दाखवायला एकोणिसावं शतक पुरलं.

त्याहून सरस कथा जेम्स बाँडची. बाँडला आधी लेखकाने छोटं बेरेटा दिलं होतं. १९५६ मध्ये ग्लासगोच्या जेफ्री बूथरॉइड नावाच्या शस्त्रवेड्या वाचकाने इयन फ्लेमिंगला पत्र लिहून कळवलं, की हे बायकांच्या पर्समधलं खेळणं तुमच्या नायकाला शोभत नाही. फ्लेमिंगने नायकाला वाल्थर पीपीके दिलं आणि कादंबरीतल्या शस्त्रागाराच्या अधिकाऱ्याला बूथरॉइडचंच नाव दिलं. वाचकाची तक्रार इतक्या तत्परतेने मिटवल्याचं उदाहरण साहित्यात दुर्मीळ असावं. इथवर ठीक. पण १९६३ च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’च्या जाहिरातीचे फोटो काढायची वेळ आली, तेव्हा पीपीके आणायचंच राहून गेलं. छायाचित्रकार डेव्हिड हर्नला हौशी नेमबाजीचा नाद होता. त्याने आपलं छर्ऱ्याचं वाल्थर एअर पिस्तूल शॉन कॉनरीच्या हातात दिलं. छातीवर हात आडवा, गालाशी लांब नळी, एक भुवई किंचित वर. जगाच्या मनातला सर्वांत रुबाबदार पिस्तूलधारी उभा राहिला तो छर्रे उडवणाऱ्या हत्याराच्या जिवावर. तेच पिस्तूल २०१० मध्ये लंडनच्या लिलावात पावणेतीन लाख पौंडांवर गेलं.

हे वाचल्यावर मी भाच्याला कळवलं, की अरे, पिस्तुलाचं रूप पिस्तुलात नसतंच. ते आपण आरशात कसे दिसू यात असतं. त्यावर त्याने अंगठा पाठवला. हल्लीच्या मुलांचा अंगठा म्हणजे होकार, नकार की निरोप, हे मला ठरवता येत नाही.

मग ज्यांना रोज खरंच वापरावं लागतं ती माणसं काय निवडतात? ती ग्लॉक निवडतात. गास्टन ग्लॉक हा व्हिएन्नाजवळचा कारखानदार पडद्यांचे दांडे बनवायचा, लष्करासाठी सुरे आणि फावडी बनवायचा. पिस्तूल त्याने आयुष्यात बनवलेलं नव्हतं. ऑस्ट्रियाच्या सैन्याला नवं पिस्तूल हवंय असं कानावर आलं आणि हा कामाला लागला. पहिले नमुने तो डाव्या हाताने उडवून बघे असं सांगतात, कारण स्फोट झालाच तर आराखडे काढायला उजवा हात शाबूत हवा. १९८२ मध्ये सैन्याने त्याचं ग्लॉक-१७ पसंत केलं. खालचा सांगाडा प्लॅस्टिकचा, वरची स्लाइड विटेसारखी चौकोनी. वळण नाही, लय नाही, घोडासुद्धा बाहेर दिसत नाही. अमेरिकेत लोकांनी त्याला टपरवेअरचा डबा म्हणून हिणवलं. १९९० च्या ‘डाय हार्ड २’मध्ये ब्रूस विलिस तर ठणकावून सांगतो, की हे चिनी मातीचं जर्मन पिस्तूल आहे आणि विमानतळाच्या यंत्राला दिसत नाही. त्यात मातीही खोटी, जर्मनीही खोटी आणि न दिसणंही खोटं, कारण ग्लॉकच्या वजनातला मोठा भाग पोलादच आहे. पण ते सगळं पचवून हा डबा देशोदेशींच्या पोलिसांच्या कमरेला जाऊन बसला. हलका, सतरा गोळ्यांचा, आणि चिखलात पडला तरी झटकून चालणारा. जिवाची काळजी करणाऱ्याला सौंदर्य परवडत नाही, हे लुगरच्या वेळी कळायला हवं होतं. ते ग्लॉकने कळवलं.

भाच्याचं मन मात्र बेरेटा ९२ वर होतं. त्याचा दोष नाही. ते पिस्तूल आहेच तसं. उत्तर इटलीतल्या गार्डोने व्हाल त्रोम्पिया या गावात हे घराणं पाच शतकं नळ्या घडवतं आहे. व्हेनिसच्या शस्त्रागाराला १८५ बंदुकांच्या नळ्या पुरवल्याचा त्यांचा व्यवहार १५२६ मधला आहे. इकडे तेव्हा बाबर पानिपतावर होता. बेरेटा ९२ ची स्लाइड वरून उघडी असते, त्यामुळे नळीचा बराचसा भाग उघड्यावर येतो आणि सगळ्या आकाराला एक धावती रेघ मिळते. इटालियन माणसाला मोटार द्या, बूट द्या, कॉफीचं यंत्र द्या, तो रेघ सोडत नाही. १९८५ मध्ये अमेरिकी सैन्याने हेच पिस्तूल घेतलं, आणि हॉलिवूडने तर त्याला पुढे घरजावईच करून टाकलं.

याच घराण्याचं आणखी एक पिस्तूल आहे, १९३४ च्या नमुन्याचं. आटोपशीर, तळहातात मावणारं, गोळी नऊ मिलिमीटरचीच पण आखूड. असं एक पिस्तूल ग्वाल्हेरहून मिळवलं गेलं आणि ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी दिल्लीत प्रार्थनेला निघालेल्या एका म्हाताऱ्या माणसासमोर निघालं. ते चालवणारा हात आमच्या पुण्याहून गेला होता. त्याच्याही आधी, १९१४ च्या जून महिन्यात सारायेवोत ज्या पिस्तुलाने ऑस्ट्रियाच्या राजपुत्राला आणि त्याच्या बायकोला मारलं, तेही बेल्जियमच्या एफएन कारखान्याचं, नऊ मिलिमीटर आखूड गोळीचं, आणि त्या काळातलं फार नितळ, कुठे कंगोरा नसलेलं पिस्तूल. आज ते व्हिएन्नाच्या युद्धसंग्रहालयात काचेमागे आहे आणि लोक वाकून बघतात.

या दोन पिस्तुलांपाशी माझी यादी अडखळली. पिस्तूल खऱ्या अर्थाने दिसतं ते फक्त एकाला, ज्याच्यावर ते रोखलेलं असतं त्याला. आणि ते देखणं आहे की नाही हे पाहायला त्याच्याकडे वेळ नसतो. मग एवढी वळणं, एवढं पॉलिश, एवढं अक्रोडाचं लाकूड, हे सगळं कुणासाठी?

हा प्रश्न मी आमच्या सोसायटीतल्या निवृत्त फौजदारांना विचारला. ते संध्याकाळी बाकावर बसतात आणि सगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, कायद्याच्या प्रश्नाची सोडून.

“फौजदारसाहेब, नोकरीत तुमच्याकडे जे पिस्तूल होतं, ते दिसायला कसं होतं?”

“जड होतं.”

“ते वजन झालं. मी रूप विचारतोय.”

“मास्तर, रूप बघायचं तर ते बाहेर काढावं लागतं. आणि बाहेर काढलं की कागद लिहावे लागतात.” मग जरा विचार करून म्हणाले, “खंडेनवमीला पूजेत मांडायचो. झेंडू वाहिला की बरं दिसायचं.”

“गोळी कधी झाडलीत?”

“सरावाला. तीसुद्धा मोजून द्यायचे आणि मोकळी काडतुसं मोजून परत घ्यायचे. एवढा हिशेब घरखर्चाचा ठेवला असता तर बंगला झाला असता.”

मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की त्यांच्या कमरेला चामड्याच्या पाकिटात होतं ते इशापूरच्या सरकारी कारखान्याचं नऊ मिलिमीटर. आणि इशापूरचं ते पिस्तूल म्हणजे दुसरंतिसरं काही नसून ब्राउनिंग हाय-पॉवर. माझी निवड तिथेच संपली. जगातलं सर्वांत देखणं नऊ मिलिमीटर गणपतीच्या बंदोबस्तात वर्षानुवर्षं माझ्यापासून हातभर अंतरावर उभं होतं, आणि आमच्यामध्ये एक बटण लावलेली झडप होती.

हाय-पॉवरचं कूळ ऐकण्यासारखं आहे. फ्रेंच सैन्याला पहिल्या महायुद्धानंतर जास्त गोळ्या मावणारं पिस्तूल हवं होतं. जॉन मोझेस ब्राउनिंग या अमेरिकी कारागिराने एफएनसाठी ते हाती घेतलं. १९२६ च्या नोव्हेंबरात बेल्जियममध्ये, त्याच कारखान्यात काम करता करता, तो वारला. अर्धं राहिलेलं काम द्यूदोने सेव्ह या त्याच्या बेल्जियन सहकाऱ्याने पुरं केलं. गोळ्या एकाखाली एक रचण्याऐवजी दोन रांगांत तिरक्या बसवण्याची युक्ती सेव्हची, त्यामुळे मुठीत तेरा गोळ्या मावल्या आणि मूठ तरीही हाताला जड झाली नाही. फ्रेंचांची आणखी एक अट होती, की मॅगझिन बाहेर काढलं की चाप चालता कामा नये. तीही मान्य झाली. आणि चाळीस साड्या उलगडायला लावून ‘येतो हं परत’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकासारखे फ्रेंच शेवटी भलतंच पिस्तूल घेऊन गेले. १९३५ मध्ये ते बेल्जियमने घेतलं. मग युद्ध आलं. कारखाना जर्मनांच्या ताब्यात गेला आणि तिथे जर्मनांसाठी हेच पिस्तूल बनू लागलं. इकडे कॅनडात टोरंटोच्या जॉन इंग्लिस कंपनीने आराखडे मिळवून दोस्तांसाठीही हेच बनवायला घेतलं. म्हणजे दोन्ही बाजूंच्या कमरेला एकच पिस्तूल. युद्ध संपल्यावर इंग्लिसने शहाणपणाने कपडे धुण्याची यंत्रं बनवायला सुरुवात केली. आपलं इशापूरचं पिस्तूल त्या कॅनडाच्या घडणीवर बेतलेलं आहे.

रूप म्हणाल, तर त्यात मिरवण्यासारखं काहीच नाही आणि म्हणूनच नजर खिळते. स्लाइड पुढे जाता जाता अंग चोरते. मागची मूठ बोटांच्या हिशेबाने फुगते आणि बोटांच्या हिशेबानेच आटते. जिथे जेवढं पोलाद लागतं तिथे तेवढंच आहे. ग्लॉकने रूप टाकून काम घेतलं, लुगरने कामाची फिकीर न करता रूप घेतलं. हाय-पॉवरचं रूप त्याच्या कामाच्या मागून, न बोलावता आलेलं आहे. शिवाय ती फ्रेंच अट. नळीत गोळी असतानाही मॅगझिन काढलं की हे पिस्तूल चाप ओढूनही हूं की चूं करत नाही. नेमबाज या अटीला नावं ठेवतात, तिच्यामुळे चाप खरखरीत होतो म्हणतात. मला मात्र शस्त्राने क्वचित प्रसंगी नकार द्यावा ही कल्पनाच सुंदर वाटते.

हे सगळं मी भाच्याला सविस्तर लिहिलं. उत्तर भाचेसुनेकडून आलं, फोनवरून.

“मामा, तुम्ही म्हणता ते छान आहे. पण हे असणार कुठे? दिवसा शर्टाखाली, रात्री तिजोरीत. घरात चार वर्षांची मुलगी आहे. तिच्या हाताला भरलेलं पिस्तूल लागेल असं ठेवलं, तर टेक्सासमध्येसुद्धा गुन्हा होतो. म्हणजे ते कधीच कुणाला दिसणार नाही. मग देखणं कशाला?”

जो प्रश्न मला लुगरपासून सारायेवोपर्यंत हिंडून पडला होता, तो तिला फोडणी देता देता पडला. तिने तोडगाही काढला होता. घ्यायचंच असेल तर साधं, चौकोनी, प्लॅस्टिकचं घ्यायचं, आणि वाचलेल्या पैशांत तिजोरी उत्तम प्रतीची घ्यायची. आधी तिजोरी, मग पिस्तूल. तिजोरी आली. पिस्तुलाबद्दल भाचा हल्ली फारसं बोलत नाही.

त्याचा हिरमोड झालेला पाहून मी सुचवलं, की हाय-पॉवरचा एखादा मोठा, सुरेख फोटो चौकटीत बसवून लाव. परवाना नको, काडतुसं नकोत, सगळंच्या सगळं रूप आणि धोका शून्य. भाच्याला पटलं. हॉलमधली जागाही त्याने मापून ठेवली.

“हॉलमध्ये नाही हं मामा,” भाचेसून म्हणाली. “हॉलमध्ये गणपती आहे.”

तेव्हा तो फोटो आता त्यांच्या लाँड्रीच्या खोलीत, वॉशिंग मशीनच्या वर लागलेला आहे. इंग्लिस कंपनीचा इतिहास लक्षात घेता, मला तरी जागा योग्य वाटते.